'सुसंगति'चा ति दीर्घ का करता? (चर्चा)

मूळ पोस्ट (शब्दवेल्हाळ): रोज एक जुनी कविता वाचण्याचा आनंद हवा असेल तर वृत्ताचं ओझं टाका. आजच्या लेखनात टंकलेली कविता मोबाइलवर मनातल्या मनात वाचा, अर्थ कळला की झालं. जुन्या आवृत्त्यांचा सोस कशाला?

गणमात्रा: हे वाचून राहवलं नाही. मोरोपंतांची केकावली घ्या. पृथ्वी वृत्त, 17 अक्षरं, आठव्यावर यती. 'सुसंगति सदा घडो' इथे थांबायचं, मग 'सुजनवाक्य कानीं पडो'. चौथं अक्षर लघुच (ऱ्हस्वच) हवं. आजच्या नियमाने 'सुसंगती' टंकलंत की ते गुरू होतं आणि ओळ तिथेच अडखळते. पुढच्या ओळीत 'मतिचा'चं 'मतीचा' केलंत की पाचवं अक्षर गेलं. नेटवर निम्म्या ठिकाणी हेच दिसतं, आणि मग लोक म्हणतात की पंत वाचवत नाहीत! मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच म्हटलंय की केशवसुतांपूर्वीचं पद्य मुळानुसार छापावं. तो नियम कुणी वाचतच नाही.

शब्दवेल्हाळ: नियम दाखवू नका. 'यमाताराजभानसलगं' हे गणांचं (तीन-तीन अक्षरांच्या गटांचं) सूत्र घोकून घेऊनच शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या कवितेपासून तोडल्या. परीक्षेत लघु-गुरूच्या खुणा करायच्या, कविता मोठ्याने म्हणायची मात्र नाही. आनंद हवा असणाऱ्याला गणांचं काय?

गणमात्रा: गण पाठ करा असं मी कुठे म्हटलं? कान वापरा म्हणतोय. आर्या वृत्ताला तर गण लागतच नाहीत, मात्रा पुरतात: ऱ्हस्वाची 1, दीर्घाची 2, अनुस्वार असला किंवा जोडाक्षराआधी आघात आला तर ऱ्हस्वाच्याही 2. 'सुश्लोक वामनाचा' 12, 'अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची' 18, 'ओवी ज्ञानेशाची' 12, 'किंवा आर्या मयूरपंताची' 18. बोटांवर मोजून बघा.

तुकयाबंधू: 12-18-12-18 म्हणजे गीती. शास्त्रोक्त आर्येचा चौथा चरण 15 मात्रांचा. पंतांच्या बहुतेक 'आर्या' गीतीच आहेत, एवढं तरी स्पष्ट लिहा.

गणमात्रा: बरोबर. लिहायला हवं होतं.

तुकयाबंधू: आणि पंतांवरच का अडलात? मोठ्या अभंगात चरण 6-6-6-4 अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. लघु-गुरूची कटकटच नाही. रोजच्या वाचनाला याहून सोपं काय? तुकारामांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्याची प्रत घ्या, 1869 आणि 1873 चे दोन खंड.

शब्दवेल्हाळ: आणि ती हातात घेतली की पानाचे तुकडे. हाच माझा मुद्दा.

खळबांधणी: तुकडे होतात ते लोकांनी केलेल्या 'उपायां'मुळे! 19व्या शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे ठिसूळ होतो, ते खरं. पण त्यावर सेलोटेप लावणं हा गुन्हा आहे. डिंक कागदात मुरतो, पिवळा डाग पडतो, फिल्म सुटून येते आणि अक्षरं घेऊन जाते. लॅमिनेशन तर परत निघतच नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू, बस्स. खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालू नका. बाइंडर कसर (कागद खाणारी कीड) लागू नये म्हणून घालतात आणि कागद तपकिरी होऊन मोडतो.

कोकणकडा: मग कसरीचं काय करायचं? इथे पावसाळ्यात कपाटाला घाम फुटतो. आम्ही डांबरगोळ्या टाकतो आणि ऊन दाखवतो.

खळबांधणी: डांबरगोळीने बुरशी मरत नाही आणि उन्हाने कागद आणखी कडक होतो. कसरीसाठी पुस्तक प्लास्टिक पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा, उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर दव थेट पानांवर बसतं. लोक नेमके इथेच घाई करतात. बुरशी मात्र गारठ्याने फक्त थांबते, मरत नाही. तिच्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, हवा खेळू द्या, आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवा.

कोकणकडा: जुलैत 60 टक्के? देवगडला येऊन दाखवा.

खळबांधणी: मग बंद डब्यात सिलिका जेल घाला आणि ते दर पंधरवड्याला तापवून सुकवा. सबबी नकोत.

शब्दवेल्हाळ: बघा, कविता राहिली बाजूला, फ्रीझर आला! म्हणूनच मोबाइल म्हणतोय.

गणमात्रा: मोबाइलवर वाचा, पण स्कॅन वाचा, टंकलेलं नको. 'नवनीत' या जुन्या कवितासंग्रहाच्या जुन्या आवृत्त्यांत ऱ्हस्व-दीर्घ जपलेले आहेत. पानाचा फोटो काढताना पुस्तक 180 अंशांत दाबू नका. कणा तडकतो.

शब्दवेल्हाळ: ठीक, पंतांपुरता 'ति' ऱ्हस्व ठेवतो. पण अनुस्वार काढले तर मात्रा बदलत नाहीत. 'कानीं'चं 'कानी' केलं तर ओळ तीच.

गणमात्रा: मात्रेपुरतं मान्य, कारण 'नी' आधीच दीर्घ आहे. अर्थापुरतं अजिबात नाही. 'देवें' म्हणजे देवाने, 'देवे' म्हणजे काय? तृतीयेची खूण पुसून वर 'अर्थ कळला की झालं' म्हणता?

शब्दवेल्हाळ: संदर्भाने कळतं.

तुकयाबंधू: तुम्हाला कळतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला नाही कळत.