क्लासच्या प्रवेश अर्जात डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण) कायद्यासाठी काय बदलायचं?

फळा_खडू: आठवी ते बारावीचे खासगी क्लासेस आहेत. कागदी अर्जावर मुलाची माहिती, आधारची झेरॉक्स, फोटो आणि पालकांचे मोबाइल नंबर घेतो. नंतर सगळं एक्सेलमध्ये चढतं. तळाशी 'सर्व अटी मान्य' आणि पालकांची सही. पुरेल का? कागदाला कायदा लागू नाही म्हणतात.

कलमबहाद्दर: कागद कपाटातच राहिला तर नाही. एक्सेलमध्ये चढला की लागू. कायदा २०२३चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, संमती-सुरक्षेच्या तरतुदी १८ महिन्यांनी म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील.

'सर्व अटी मान्य' विसरा. वेगळी सूचना हवी: कोणती माहिती, नेमकी कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची. मागणाऱ्याला ती मराठीतही मिळाली पाहिजे. १८ वर्षांखालचं प्रत्येक जण कायद्याने मूल, म्हणजे बारावीचेही बहुतेक. सही पालकाचीच आहे आणि ती व्यक्ती सज्ञान आहे, याची खातरजमा करून नोंद ठेवा.

संमतीच्या चौकटी दोन करा. फी, हजेरी, निकाल कळवणं ही एक. निकालाच्या फ्लेक्सवर फोटो ही दुसरी, आणि ती कोरी ठेवली म्हणून प्रवेश अडवायचा नाही. सगळे क्लास नेमके इथेच अडकणार.

कुलूपकिल्ली: आधार मुळात कशाला? जन्मतारखेला शाळेचा दाखला बघून परत द्या. घ्यायचंच तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही बघा, तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. कम्युनिटीच्या सूचना ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

फळा_खडू: हजेरीचं ॲप बाहेरच्या कंपनीचं आहे. डेटा तिथून फुटला तर?

कलमबहाद्दर: जबाबदार तुम्हीच, करारात काहीही लिहिलेलं असो. बाधित पालकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. 'किरकोळ होतं' ही सबब नाही, कारण नियमात किमान मर्यादाच नाही. क्लार्कचा एक्सेलवाला मोबाइल हरवला तरी हेच. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. ती कमाल आहे, मंडळ गांभीर्य बघून ठरवतं, पण न कळवण्याचा दंड वेगळा, २०० कोटींपर्यंत.

म्हणून ॲपच्या करारात तीन गोष्टी घाला: घटना कळताच त्याच दिवशी तुम्हाला कळवणं, कोणी कधी डेटा उघडला याच्या नोंदी किमान वर्षभर ठेवणं, करार संपल्यावर डेटा पुसून तसं लेखी देणं. पुढच्या वर्षाचे पैसे भरायच्या आधी हे मागा, नंतर फोन उचलत नाहीत.