हरणाला ३०-३० घ्या, बाकी सगळा दुकानातला मोह

डोंगरातला_पम्या
मंडळी, ऑक्टोबर लागला की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच, दादा शिकारीच्या लायसन्ससाठी लागणारा हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, आता रायफल कुठली घेऊ. यंदा तिघांनी विचारलं म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो, शिव्या घालायच्या त्यांनी घाला. हरणाला ३०-३० ची लिव्हर अॅक्शन (चापाखालचा दांडा खाली-वर केला की पुढचं काडतूस भरणारी) घ्या आणि विषय संपवा. ३०-३०, ३०८, २४३ हे आकडे म्हणजे काडतुसांची नावं.

मी वायव्य पेन्सिल्वेनियात अलेगेनीच्या जंगलात जातो. हेमलॉक आणि बीच इतकं दाट की समोरचा माणूस ऑरेंज जॅकेट घालून उभा असला तरी शंभर पावलांवर गायब होतो. आजवर नऊ हरणं पाडली, त्यातलं सगळ्यात लांबचं ८५ यार्डांवर होतं आणि सगळ्यात जवळचं वीस पावलांवर, मी सँडविचचा कागद उघडत होतो तेव्हा येऊन उभं राहिलं. आता मला सांगा, असल्या जंगलात लांब पल्ल्याची ६.५ क्रीडमूर आणि वर हजार डॉलरची दुर्बीण घेऊन माणूस काय करणार, झाडाची साल मोजणार? ३०-३० हे काडतूस १८९५ पासून आहे, एवढी वर्षं हरणं त्याने पडतायत, हरणाची कातडी काय तेव्हापासून जाड झाली नाही. बंदूक साडेसहा-सात पौंडांची, सडपातळ, दिवसभर हातात धरून चाला, खांदा दुखत नाही. दुकानातला पोरगा जास्त जोराची मॅग्नम दाखवेल, बघा आणि परत ठेवा.

विस्कॉन्सिनचा_बाळ्या
पम्यादादा तुमचं तुमच्या जंगलापुरतं बरोबर आहे हो, पण "हरणाला ३०-३० घ्या" असं सरसकट कसं सांगता? मी मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला मचाणावर बसतो, हरीण निघतं ते पलीकडच्या बांधावरून, २०० यार्ड, कधी त्याहून जास्त. शंभर यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम बरोबर जुळवलेली, ३०-३० ची गोळी २०० ला सात-आठ इंच खाली जाते, ३०८ ची साडेतीन-चार. हरणाचं काळीज-फुप्फुस धरून मारायची जागाच आठ-दहा इंचांची, मग तुम्ही आठ इंच अंदाजाने वर धरणार आणि ते पोटात किंवा पायाला लागून पळणार, रात्रभर टॉर्च घेऊन कोण शोधणार?

आणि दुर्बिणीला नावं ठेवताय ते तर मला पटतच नाही. हरणं निघतात कधी, तर अंधार पडायच्या शेवटच्या वीस मिनिटांत. तेव्हा उघड्या नेमाचा पुढचा मणी आणि हरणाचं अंग एकाच रंगाचं होतं. चांगली काच असेल तर शिंगं आहेत का नाहीत तेवढं तरी दिसतं. ३०८ ची साधी बोल्ट अॅक्शन (खिटी हाताने मागेपुढे करून काडतूस भरायची) घ्या, काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात, उरलेले पैसे काचेत घाला.

डोंगरातला_पम्या
बाळ्या, लिव्हरवर दुर्बीण बसत नाही असं कोण म्हणालं? मार्लिन ३३६ चं रिकामं काडतूस बाजूने पडतं, वर आरामात बसते. जुन्या विंचेस्टर ९४ चं वरून उडतं, तिथे अडचण होते, हे मान्य.

बोल्टवाला_भाऊ
एक गोष्ट नवीन लोकांना कोणीच सांगत नाही म्हणून मध्ये पडतो. लिव्हरच्या नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (ठोका बसला की बार पेटवणाऱ्या बुडाच्या टिकलीला) टेकलेलं असतं. त्यात अणकुचीदार गोळी भरलीत आणि धक्का बसला तर आतच फुटू शकते. बोथट टोकाची किंवा मऊ प्लास्टिक टोकाची लिव्हरसाठी बनवलेलीच घ्यायची, मित्राने "ही पण तीसचीच आहे" म्हणून दिलेली मूठभर काडतुसं अजिबात नाही.

सुगरण_पिट्सबर्ग
सगळे पुरुष अंतर आणि इंच मोजतायत, खांद्याचं कोणी बोलेना! माझी उंची पाच फूट एक इंच. पहिल्या वर्षी नवऱ्याची ३०-०६ उचलली, दस्ता इतका लांब की गाल दुर्बिणीपर्यंत पोचेना, तीन बार काढले आणि चौथ्याला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. गोळी कुठे गेली देवाला माहीत. पुढच्या वर्षी २४३ घेतली, आखूड दस्त्याची. तिचा धक्का ३०-०६ च्या निम्म्याच्या आसपास आणि आवाजाला दचकणं बंद झालं की आपोआप नेम लागतो, तीन हरणं झाली, एकही पळालं नाही.

बाकी मांस करणारी मी आहे म्हणून सांगते, खूप वेगाची गोळी जवळून खांद्यात बसली की रक्त साकळून अख्खा फरा काळानिळा होतो, मालवणी मसाला घालून पण ते खाववत नाही, कापून टाकावंच लागतं. बरगड्यांच्या मागे, खांद्याच्या हाडाला चुकवून मारा. या बाबतीत पम्यादादांची संथ ३०-३० चांगली, कबूल.

विस्कॉन्सिनचा_बाळ्या
ताई, २४३ वर माझा एवढाच आक्षेप, हलकी गोळी बऱ्याचदा आरपार जात नाही. बाहेर पडायचं भोक नाही म्हणजे रक्ताचा माग नाही. बर्फ असेल तर ठीक, पण गळलेल्या लाल पानांत रक्ताचे चार थेंब शोधून बघा एकदा.

सुगरण_पिट्सबर्ग
शोधलेत. शंभर ग्रेन वजनाची बांधीव (आवरण आणि शिसं घट्ट जोडलेली) गोळी वापरली की बहुतेक वेळा आरपार जाते. आणि डोळे मिटून मारलेल्या ३०-०६ चा माग तुम्ही शोधून दाखवा.

कोलंबसकर
तुमची सगळी चर्चा आमच्या ओहायोत फुकट आहे 😀 इथे हरणाला सरळ भिंतीचीच काडतुसं चालतात, २०१४ पासून तेवढी रायफल आली, त्याआधी शॉटगनच. ३०-३०, ३०८, २४३ सगळी बाटलीसारखी मानेत निमुळती, एकही चालत नाही. मी ३५० लेजंड घेतली. न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना तर हरणावर रायफलच नाही, शॉटगन नाहीतर ठासणीची नाहीतर धनुष्य. आधी राज्याचं नियमाचं पुस्तक वाचा, मग दुकानात जा. पेन्सिल्वेनियात सेमी ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) हरणाला चालत नाही हे पण बऱ्याच जणांना बंदूक घरी आणल्यावर कळतं.

बोल्टवाला_भाऊ
आणि एच-वन व्हिसावाल्यांनो, शिकारीचं वैध लायसन्स हातात नसताना बंदूक विकत घेणं सोडा, मित्राची रेंजवर उडवणं पण फेडरल गुन्ह्यात बसू शकतं. ग्रीनकार्डवाल्यांना ती अट नाही.

रत्नांग्रीचा_नातू
आमच्या आजोबांकडे पीक संरक्षणाच्या लायसन्सवरची ठासणीची बंदूक होती, माकडं आणि डुकरं हाकलायला. भेकर दिसलं की ते बंदूक खाली ठेवायचे. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली ते बरंच झालं, आणि तुम्ही तिकडे जाऊन कुठली रायफल चांगली यावर भांडताय. कॅमेरा घ्या की राव, त्याला पण लेन्स लागते.

डोंगरातला_पम्या
नातू, राग समजतो, पण दोन देशांची गोष्ट एक नाही. पेन्सिल्वेनियात शिकारीने हरणं इतकी संपली होती की १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून आणून सोडली. लांडगे मात्र परत आले नाहीत, आणि आता आमच्या जंगलात हरणं रोपं वाढूच देत नाहीत, कुंपण घातलेला तुकडा आणि बाहेरचा तुकडा शेजारी बघितलास तर कळेल, आत गुडघाभर कोवळी झाडं, बाहेर नुसतं नेचं. शिवाय १९३७ च्या कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो वन्यजीवांवरच खर्च होतो. तरी तुला मारायचं नसेल तर मारू नको, त्यात कमीपणा काही नाही. भेकर बघून बंदूक खाली ठेवणारे आजोबा मला आवडले.

रत्नांग्रीचा_नातू
कराचं माहीत नव्हतं. पटलं नाही तरी.

नवशिक्या_८७
तो फोन करणारा मीच 🙏 आता जास्तच गोंधळलो. ग्रीनकार्ड आहे, कोर्स झालाय, पम्यादादांच्या शेजारच्या काउंटीतच जाणार आहे, अंगाने किरकोळ. ३०-३० घेऊ, ३०८ घेऊ का ताईंची २४३?

विस्कॉन्सिनचा_बाळ्या
दाट जंगल असेल तर मी ३०-३० ला हरकत घेत नाही, फक्त दुर्बीण लाव.

सुगरण_पिट्सबर्ग
दुकानात उचलून खांद्याला लाव, डोळे मीट, मग उघड. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसलं नाही, कडेला काळी चंद्रकोर आली, तर ती बंदूक तुझी नाही. कॅलिबर नंतर.

डोंगरातला_पम्या
अरे अजून काही घेऊ नकोस. शनिवारी आमच्या रेंजवर ये. माझी ३०-३० आणतो, ताई तुमची २४३ घेऊन येणार का? कागदी जेवणाची ताटं पन्नास यार्डांवर टांगू, हरणाची जागा तेवढीच असते, उभ्याने प्रत्येकीचे पाच बार. जिच्या पाचही गोळ्या ताटात, ती घे. कानाचे मफ स्वतःचे आण, माझ्याकडचा एक जोड फुटलाय.

सुगरण_पिट्सबर्ग
येते. ताटं मी आणते, गेल्या वेळी तुम्ही डिझाइनवाली आणली होती, भोकंच दिसत नव्हती.