सिम्फनीच्या दोन भागांमध्ये टाळी वाजवावी का?

गिरगावचा श्रोता (धागाकर्ता)
मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाला आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत प्रत्यक्ष ऐकण्याची सोय आपल्या शहरातच झाली. सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी (वाद्यवृंदासाठी) लिहिलेली, बहुधा चार भागांची रचना; टाळी ती पूर्ण संपल्यावरच वाजवायची, असा संकेत आहे. मात्र कोणत्याही सिम्फनी-मैफलीत पहिला भाग संपल्यावर एखाद्या नवख्याने टाळी वाजवली की जाणकार ज्या नजरेने त्याच्याकडे पाहतात, ती मला अन्यायाची वाटते. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना कळवले होते की, नव्या सिम्फनीच्या पहिल्या भागातील एक जागा श्रोत्यांना आवडणारच हे तो जाणून होता, तिला भर वादनात टाळ्या मिळाल्या आणि म्हणूनच ती त्याने शेवटी पुन्हा योजली होती. बीथोव्हेनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग तर १८१३ मध्ये व्हिएन्नातील पहिल्याच प्रयोगात श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला. ज्यांच्या नावाने आपण शांतता पाळतो, त्यांनाच ती अपेक्षित नव्हती.

मंद्रसप्तक
आपली उदाहरणे खरी आहेत, पण ती सोयीने निवडलेली आहेत. मेंडेल्सोनने आपल्या 'स्कॉटिश' सिम्फनीचे (१८४२) चारही भाग मध्ये न थांबता सलग वाजवावेत, अशी सूचना स्वरलिपीतच दिली आहे. चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी घ्या. तिचा तिसरा भाग विजयी संचलनासारखा गर्जत संपतो आणि कोणालाही वाटावे की मैफल आटोपली. पण लगेच येणारा चौथा भाग हा विलाप आहे, ज्याच्या आरंभीच्या सुरावटीचे स्वर पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांमध्ये आळीपाळीने वाटलेले असल्यामुळे आपल्याला ऐकू येणारी धून त्यांपैकी कोणताही एक गट पूर्ण वाजवत नाही. त्या गर्जनेवरून या विलापात जी घसरण व्हायची असते, ती टाळ्यांच्या कडकडाटात हरवून जाते.

कोथरूडकर
आपल्याकडे समेवर 'क्या बात है' म्हणणारे श्रोते मैफल बिघडवत नाहीत, उलट गायकाला बळ देतात. ऑर्केस्ट्राचे वादकही माणसेच आहेत.

मंद्रसप्तक
कोथरूडकर, ख्याल गाणारा तुमची दाद ऐकून पुढची तान बदलू शकतो, किंबहुना बदलतोच. साठ-सत्तर वादकांपुढे लिहिलेली स्वरलिपी असते. दाद मिळाली म्हणून एकही स्वर इकडचा तिकडे होणार नाही. त्यामुळे ही तुलना मला पटत नाही.

गिरगावचा श्रोता
स्वर बदलत नसतील, पण वादनाचा जोम बदलतो, हे कोणताही वादक सांगेल. शिवाय चायकोव्हस्कीच्याच व्हायोलिन कॉन्चेर्टोचा (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेचा) पहिला भाग अशा झपाट्याने संपतो की, त्यानंतर हात आवरून बसणे हाच कृत्रिमपणा ठरतो. सहाव्या सिम्फनीबाबत मात्र मी आपले म्हणणे मान्य करतो. अशा रचनांपूर्वी कंडक्टरने दोन वाक्ये बोलावीत, कार्यक्रमपत्रिकेत भागांची संख्या ठळक छापावी, आणि तरीही कोणी टाळी वाजवलीच तर शेजाऱ्याने त्याला दटावू नये.

मंद्रसप्तक
दटावण्याचे समर्थन मीही करत नाही. कंडक्टरने बोलण्याची मात्र गरज नाही; त्याने हात खाली आणले नाहीत की संगीत संपलेले नाही, एवढे कळायला पुरे, फक्त त्याच्याकडे पाहायला हवे.