आयर्लंडात रग्बी, आमच्या वाडीत ओव्हरआर्म

खाडीकाठचा
मंडळी, पुतण्या डब्लिनला नोकरीला आहे. तो म्हणतो, सोमवारी ऑफिसात गप्पा फक्त रग्बीच्या. हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल हे त्यांचे गावचे खेळ, १८८४ पासून त्यांची संघटना आहे, तरी पोरांच्या अंगात रग्बीचीच हिरवी जर्सी. मला आमची वाडी आठवली. देवगडजवळ, देवळाच्या खालच्या अंगाला आमच्या मंडळाचं कबड्डीचं मैदान आहे. मे महिन्यात चाकरमानी आले की तिथे रात्रभर सामने चालायचे, फायनलला कोंबडा आरवायचा. आता त्याच मातीवर ओव्हरआर्म क्रिकेटची प्रीमियर लीग. पोरांचा लिलाव मांडव घालून, माईकवर! कबड्डीला सात जण जमवताना नाकी नऊ येतात. तिकडेही गावचा खेळ असाच बसला का? तिकडे राहणारं कोणी आहे का इथे?

सड्यावरचा
काका, सोप्पं आहे. ठराव करा, जो क्रिकेट खेळेल किंवा बघायला जाईल तो मंडळातून बाहेर.

लिमरिकवाली
मी मूळची मालवणची, आता लिमरिकला नर्स आहे. सड्यावरच्या भाऊ, हा ठराव इथे होऊन गेलाय. रग्बी, सॉकर, हॉकी, क्रिकेट हे सगळे 'परके' खेळ. खेळलात काय, बघायला गेलात तरी संघटनेतून हकालपट्टी. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड सॉकरच्या सामन्याला हजर राहिले, तर संघटनेने त्यांचंच आश्रयदातेपद काढून घेतलं. १९७१ ला ही बंदी उठली. बंदीने ते परके खेळ काही मेले नाहीत.

काका, पुतण्याचं खोटं नाही, पण तो डब्लिनच्या ऑफिसातून बघतोय. तिथे रग्बी ही भरमसाट फीवाल्या शाळांची. १९९५ ला खेळ व्यावसायिक झाला, पैसा आला, आणि मुख्य म्हणजे संघ जिंकायला लागला. ग्रँड स्लॅम, म्हणजे युरोपातल्या देशांच्या दरवर्षीच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं, १९४८ नंतर थेट २००९ ला, मग २०१८, २०२३. न्यूझीलंडला पहिल्यांदा हरवलं २०१६ मध्ये, तेही शिकागोत. जिंकणाऱ्याची जर्सी कोण नाही घालणार? (विश्वचषकात मात्र उपांत्यपूर्वच्या पुढे गाडी जात नाही, हा विषय वॉर्डात काढायचा नाही.)

लिमरिकला रग्बी गोदीतल्या कामगारांची. १९७८ मध्ये मन्स्टरने, म्हणजे आमच्या प्रांताच्या रग्बी संघाने, ऑल ब्लॅक्सना (न्यूझीलंडच्या संघाला) १२-० ने हरवलं, ते आजही इथे असे सांगतात जणू परवाच झालंय. आणि हेच लोक हर्लिंगसाठीही वेडे. लिमरिकने २०२० ते २०२३ सलग चार वर्षं हर्लिंगची ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकली. माझ्या वॉर्डातल्या एका आजोबांच्या उशाशी दोन्ही संघांचे मफलर असतात, एक लाल, एक हिरवा. त्यातला एकही कपाटात ठेवू देत नाहीत.

डब्लिनमधल्या क्रोक पार्कचं, म्हणजे त्या संघटनेच्या मुख्य मैदानाचं, सांगायलाच हवं. १९२० मध्ये ब्रिटिश फौजफाट्याने तिथे सामन्यात गोळीबार करून १४ माणसं मारली. परक्या खेळांना ते मैदान बंदच होतं. २००५ ला मतदान घेऊन दार उघडलं आणि २००७ मध्ये तिथेच आयर्लंडने इंग्लंडला रग्बीत ४३-१३ लोळवलं. बाकी उन्हाळ्यात हर्लिंगच्या फायनलला त्याच मैदानात ८२ हजार माणूस भरतं, आणि खेळणाऱ्याला पगार शून्य. सोमवारी तो शाळेत शिकवायला नाहीतर शेतावर.

कोकमसोडा
पगार नाही म्हणूनच पोरं रग्बीकडे जाणार ना, ताई? आपल्याकडे २०१४ ला प्रो कबड्डी आली, तेव्हा कुठे आईबापांनी पोरांना मॅटवर पाठवलं.

लिमरिकवाली
काही जातात, खरं आहे. आयर्लंडचा रग्बीपटू रॉब कर्नी आधी गेलिक फुटबॉलच खेळायचा. पण क्लब रिकामा पडत नाही, कारण खेळायचं ते आपल्याच गावासाठी. तुमच्या लीगमध्ये वरच्या वाडीचा पोरगा लिलावात खालच्या वाडीला जातो, तसं इथे सहसा होत नाही. दुसरं, बहुतेक क्लबांचं मैदान स्वतःच्या मालकीचं आहे. काका, तुमचं मैदान कोणाच्या नावावर आहे?

खाडीकाठचा
खरं दुखणं तेच गो बाय! सामायिक जागा. सातबाऱ्यावर पानभर नावं, निम्मे मुंबईत, काही तर वारले, वारस नोंद नाही. मागच्या वर्षी एक प्लॉटिंगवाला येऊन मोजणीचं विचारून गेला. लीगवाल्या पोरांना सांगितलं, तर तीही गप्प झाली. मैदान गेलं तर त्यांचं क्रिकेटही गेलंच की.

कोकमसोडा
मग लीगवाल्यांनाही बरोबर घ्या. मंडळ धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे का? नसेल तर आधी ते. शेतजमीन असेल तर ट्रस्टच्या नावावर करायला कुळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नुसत्या बक्षीसपत्राने भागत नाही. गणपतीत सगळे सहहिस्सेदार गावात असतात, तेव्हा एकत्र बसवा. त्याआधी वारस नोंदीचे अर्ज तलाठ्याकडे टाकून ठेवा.

सड्यावरचा
आणि प्लॉटिंगवाल्याला चहा देऊ नका.