मदत हवी आहे: घरी केलेलं बायोडिझेल, हीटिंगचा बर्नर आणि तुंबणारा फिल्टर

नमस्कार मंडळी,

आमचं घर हीटिंग ऑइलच्या बॉयलरवर गरम होतं. पंपाच्या दाबाने नोझलमधून तेलाचा फवारा उडतो आणि पेटतो, त्यातला. वापरलेल्या तळणीच्या तेलापासून मी बायोडिझेल करतो आणि हीटिंग ऑइलमध्ये मिसळून जाळतो. वीस टक्के मिसळत होतो तोवर काही तक्रार नव्हती. प्रमाण निम्मं-निम्मं केल्यापासून कडाक्याची थंडी पडली की पहाटे बर्नर लॉकआउटला जातो, म्हणजे ज्योत न धरल्याने स्वतःहून बंद पडतो. दुपारी ऊब आली की बटण दाबल्यावर मुकाट चालू होतो, म्हणून ज्योत पाहणाऱ्या फोटोसेलवर माझा संशय नाही.

टाकी बाहेर आहे, फिल्टरही बाहेरच. तो उघडला की जाळीवर सायीसारखा पांढरट, बुळबुळीत थर असतो. बोटांवर घेऊन चोळला तर थोडा विरघळतो, पण पूर्ण जात नाही. बारीक कण बोटांना जाणवत राहतात.

माझी पद्धत सांगतो, म्हणजे चूक कुठे असेल ते बघता येईल. तेल गाळून तापवतो आणि पाणी उडवतो. गरम तव्यावर थेंब टाकला की चडचडता कामा नये. मग टायट्रेशन करून, म्हणजे तेलात आम्ल किती आहे ते मोजून, सोडा ठरवतो: लिटरमागे ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, अधिक टायट्रेशनचा आकडा. मिथेनॉल लिटरमागे २०० मिली. बंद भांड्यात ५५ अंशांवर ढवळतो, रात्रभर ठेवतो, तळाचं ग्लिसरीन काढतो, धुण्याचं पाणी निवळ येईपर्यंत धुतो आणि मग वाळवतो. शेवटी २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून बघतो. तळाशी काही बसत नाही.

हे सगळं घरापासून लांबच्या शेडमध्ये, दारं उघडी ठेवून चालतं. मिथेनॉल ११ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही आणि ते कातडीतूनही अंगात भिनतं. त्यामुळे त्या बाबतीत मी फार जपून असतो.

प्रश्न असा: हा थर म्हणजे थिजलेलं बायोडिझेल, साबण, की टाकीतला जुना गाळ? घरात लहान मुलं आहेत, पहाटे घर गार पडणं परवडत नाही. पण निम्मं प्रमाण सोडायचंही जिवावर येतंय.

प्रतिसाद १

एवढ्या खटाटोपापेक्षा तेल नुसतं गाळून थेट का जाळत नाही? मिथेनॉल नको, सोडा नको.

धागाकर्ता

या बर्नरमध्ये ते नीट जळणार नाही. ४० अंशांना साधं खाद्यतेल बायोडिझेलच्या सात-आठ पट घट्ट असतं. नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, थेंब अर्धवट जळतात, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वाढतो. तेल आधी तापवून घेणारे वेगळे बर्नर असतात, माझा तसा नाही.

प्रतिसाद २

जुना गाळ नसावा. बायोडिझेल टाकीच्या भिंतींवरचा साका सोडवतं हे खरं, पण तो काळा-तपकिरी येतो. तुमचा पांढरा आहे.

फिल्टरवरचा थर काचेच्या बरणीत काढा आणि बरणी कोमट पाण्यात ठेवा. विस्तवाजवळ नेऊ नका. सगळं वितळून निवळ झालं तर ते नुसतं थिजणं आहे. सोयाबीन तेलाचं बायोडिझेल ० अंशाच्या आसपास गढूळ होतं, पाम तेलाचं १३ ते १६ अंशांनाच. तळणीच्या तेलात काय काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही. थोडा थर वेगळा काढून कोमट पाण्यात हलवा. चांगला फेस आला तर साबण. आणि दोन्ही नाही, ऊब देऊनही पांढरे कण तळाशी राहिले, तर बहुधा मोनोग्लिसराइड, म्हणजे तेलाचे पुरते बायोडिझेल न झालेले अंश. थोडक्यात, अर्धवट झालेली प्रक्रिया.

तुमच्या मिथेनॉलच्या चाचणीत ती सापडणार नाहीत. ती चाचणी न बदललेलं तेल दाखवते. मोनोग्लिसराइड मिथेनॉलमध्ये विरघळतात, म्हणून वर सगळं स्वच्छ दिसतं.

रबरी सीलही तपासा. साधं रबर आणि नायट्राइल बायोडिझेलमध्ये फुगतं. व्हायटॉन नावाच्या खास रबराची सील टिकतात. तांब्या-पितळेच्या जोडण्यांनी इंधन लवकर खराब होतं. बॉयलरपाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आजच बसवा, बाकी सगळं नंतर.

धागाकर्ता

अलार्म आहे, बॅटरी तपासली. सील मात्र जुनीच आहेत, व्हायटॉनची मागवतो.

बरणीचा प्रयोग केला. बराचसा थर वितळला, पण तळाशी पांढरी भुकटी तशीच राहिली. फेस आला नाही. म्हणजे थोडं थिजणं आणि थोडी अर्धवट प्रक्रिया, असंच ना? पुढचा घाणा दोन टप्प्यांत करतो: आधी मिथेनॉल-सोड्याच्या मिश्रणातला ८० टक्के भाग, ग्लिसरीन काढून मग उरलेला २०. दुसऱ्या टप्प्याला पुन्हा टायट्रेशन लागेल का?

प्रतिसाद २

नाही. तेलातलं आम्ल पहिल्याच टप्प्यात संपतं, त्यामुळे सुरुवातीला केलेला हिशोबच पुरतो. दुसऱ्यांदा सोडा लागतो, कारण पहिल्यातला बराचसा ग्लिसरीनबरोबर निघून जातो.

तयार इंधन टाकीत भरण्याआधी काही दिवस बाहेर थंडीत उभं राहू द्या. जे बसायचं ते पिंपाच्या तळाशी बसेल, वरचं निवळ तेवढंच घ्या. फिल्टर घराच्या आत, उबेत हलवा. टाकीत आत्ता जे निम्मं-निम्मं आहे त्यात हीटिंग ऑइल घालून वीस टक्क्यांवर आणा आणि ही थंडी त्यावरच काढा. नवा घाणा बरणीतल्या परीक्षेत उतरला की मग प्रमाण हळूहळू वाढवा.