गोदीतली सुरक्षितता: मालक आणि सरकार एकत्र बसले तर फरक पडेल का?

टॅकवेल्ड, कुपवाड
चहाच्या गाड्यावर झालेला वाद इथं आणतोय. आमच्या शेडमधली दोन पोरं मुंबईच्या गोदीत, जहाजं बांधायच्या-दुरुस्तीच्या कामाला निघालीत, ठेकेदार रोज चांगला देतोय. मी सहा वर्षं तेच केलंय, म्हणून जरा अडवलं आणि पेटलं.

एकच सकाळ सांगतो. जहाजाच्या तळाला टाक्या असतात, आत जायला अंग चोरून जावं लागेल एवढं मॅनहोल. आदल्या संध्याकाळी टिगवाल्यानं, म्हणजे आर्गॉन वायू सोडत वेल्डिंग करणाऱ्यानं, आर्गॉनची होज आतच सोडलेली, व्हॉल्व्ह पुरता बंद नव्हता. आर्गॉनला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड. रात्रभर तळाशी साठला, श्वासाची हवा वर ढकलून. सकाळी हेल्पर पोरगा आधी उतरला आणि शिडीवरच गुडघ्यात मोडला. वर होता म्हणून कॉलर हाताला लागली, नाहीतर गेलाच होता. आत हवा सोडायचा ब्लोअर बाहेरच उभा होता, जोडायला एक्स्टेन्शन वायर नव्हती. मॅनहोलपाशी प्लास्टिकच्या पिशवीत गॅस-टेस्टचा कागद लटकत होता. सही कालची.

आता सांगा, चूक कुणाची? टिगवाला एका ठेकेदाराचा, पोरगा दुसऱ्याचा, वायर तिसऱ्याकडं, कागद गोदीचा. एका जहाजावर पाच-सहा ठेकेदार असतात. एकाचं कटिंग चालू असतं, पत्र्यापलीकडं दुसऱ्याचं रंगकाम. म्हणून वाटतं, सगळ्या गोद्या आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयानं मिळून एकच पद्धत ठरवावी. सगळीकडं चालेल असं एकच ट्रेनिंग कार्ड, ठेकेदाराच्या माणसालाही. अमेरिकेत ओशा ही सरकारी यंत्रणा गोदीमालकांच्या संघटनांशी रीतसर करार करून असलं ट्रेनिंग बनवते. सागरी कामांसाठी तिची सल्लागार समिती आहे, तिच्यात कामगारांचेही लोक बसतात. आपल्याकडं नोटीस निघते ती माणूस मेल्यावर.

कृष्णाकाठ, पलूस
टॅकवेल्ड, पोरगा वाचला हे बरं झालं. पण सहकार्य हा शब्द ऐकला की मला गेस्ट हाऊसमधली काजू बर्फी आठवते. एकतीस वर्षं फौंड्रीत काढली आहेत.

समिती हवी म्हणता? ती कायद्यात आहेच. १९८४ ला भोपाळ झालं आणि १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ग आलं. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती, मालकाचे जितके तितकेच कामगारांचे. आमच्याकडे होती ना. मी सभासद होतो हे मला तीन वर्षांनी कळलं. इतिवृत्त टाइम ऑफिसचा कारकून लिहायचा, वर्षाची चारही एका बैठकीत. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ, हिरवा बिल्ला, घोषवाक्य स्पर्धा. पहिलं बक्षीस मिळालं त्या माणसाचं बोट पुढच्याच महिन्यात शेक-आउटला, साचा फोडून ओतीव काढतात तिथं, गेलं.

इन्स्पेक्टर न सांगता आला पाहिजे. त्याच्या हातात काम बंद करायची ताकद पाहिजे. कारखाने अधिनियमाच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं त्याचं नाव आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ केलंय. पोलिसाला ‘शिपाई-नि-वाटाड्या’ म्हणा, चोर किती भितात बघू.

लेथवाला, सातारा एमआयडीसी
काका, तुमचा अनुभव मोठा, पण दुसरी बाजू ऐका. माझं फॅब्रिकेशन आहे, चौदा माणसं. न सांगता येणारे साहेब मी पाहिलेत. रजिस्टर मागतात. ग्राइंडिंगच्या धुळीला कुठला एक्झॉस्ट बसवू, डक्ट केवढी घेऊ, हे विचारलं तर ‘कन्सल्टंटला विचारा’. दंड सांगता येतो, उपाय सांगता येत नाही. शिकवणारं सरकार मिळालं तर मला हवंच आहे.

आणि खरं बोलू का? मास्क दिले तर पोरं गळ्यात घालतात.

टॅकवेल्ड, कुपवाड
लेथवाले, एप्रिलमध्ये बंद टाकीत वेल्डिंग करताना रबरी मास्क अर्धा तास घालून बघा. आत घामाचं तळं होतं. दाढी असली तर कडेनं धूर आत येतोच. मास्क हा शेवटचा उपाय. आधी हवा खेळवायची, धूर जिथं निघतो तिथंच ओढायचा. ते झालं नाही की मग मास्क, आणि मग ‘पोरं घालत नाहीत’.

कृष्णाकाठ, पलूस
लेथवाले, तुमची चौदा माणसं तर आता ‘कारखान्या’च्या हिशोबातच नाहीत. १९४८ च्या कायद्यात वीज वापरत असाल तर दहा कामगारांपासून ‘कारखाना’ धरायचे, संहितेत ती मर्यादा वीस झाली. शिकवायला तरी कोण येणार?

रिव्हेट, विश्रामबाग
वालचंद कॉलेजसमोर राहतो म्हणून एक अवांतर. ज्यांच्या नावाचं हे कॉलेज, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४१ मध्ये विशाखापट्टणमला गोदी सुरू केली. तिथलं ‘जलउषा’ १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात गेलं. पुढं सरकारनं ती घेतली, तीच आजची हिंदुस्थान शिपयार्ड.

आता मुद्दा. त्याच गोदीत १ ऑगस्ट २०२० ला नव्या क्रेनची चाचणी चालू असताना ती कोसळली, अकरा माणसं गेली. त्यातले बरेचसे ठेकेदारांचे. त्याआधी फेब्रुवारी २०१८ मध्ये कोचीन शिपयार्डला दुरुस्तीला आलेल्या ‘सागर भूषण’वर स्फोट झाला, पाच गेले. दोन्ही गोद्या सरकारी. म्हणजे उद्योग आणि सरकार एकाच खुर्चीवर बसलेले. टॅकवेल्ड, याहून जवळचं सहकार्य तुम्हाला कुठलं हवंय?

टॅकवेल्ड, कुपवाड
हे लागलं. पण मालक असलेलं सरकार वेगळं आणि तपासणारं वेगळं. ओशाच्या त्या करारांनी कुणाची तपासणी माफ होत नाही. करार एका टेबलावर, दंड दुसऱ्या. टाकीत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कामाला आत जायचं नाही, हा त्यांचा कायदा आहे, विनंती नाही. कृष्णाकाठ काका, तुमचा इन्स्पेक्टर मला हवाच आहे. पण तो रोज सकाळी आठला प्रत्येक मॅनहोलवर उभा राहणार नाही. तिथं मीटर घेतलेला कुणीतरी आपला लागतो, आणि त्यानं ‘नाही’ म्हटलं तर त्याची रोजी जाता कामा नये.

कृष्णाकाठ, पलूस
शेवटचं वाक्य सोडून बाकीचं छापील वाटतं. शेवटच्यासाठी मात्र युनियन लागते, आणि ठेक्यावर युनियन कुठली?

माई, तासगाव
इथं कधी लिहीत नाही. तुमची समिती होईल तेव्हा होऊ दे.

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं गोद्यांमधनं ब्लास्टिंगला होता. जहाजाचा गंज काढायला दाबानं वाळू मारतात ते काम. परत आला तेव्हा जिना चढताना मधे बसायचा. दोन वर्षं टीबीच्या गोळ्या चालल्या. तपासणीत जंतू कधी सापडले नाहीत, फोटोत डाग होते म्हणून गोळ्या. तू काम काय करतोस, हे त्या दोन वर्षांत एकाही डॉक्टरानं विचारलं नाही. तिसऱ्यानं विचारलं आणि सिलिकोसिस म्हणाला, वाळूची धूळ फुफ्फुसात बसून होतो तो.

आता भरपाईसाठी विचारतात, कुठं काम केलं? पगार हातात रोख. ठेकेदारांची नावं म्हणजे अण्णा, शेख, पप्पू. विम्याचं कार्ड नाही, गेटपास दर खेपेला काढून घ्यायचे. कागदावर तो कधी गोदीत गेलाच नाही. टॅकवेल्डदादा, तुमच्या कार्डावर बाकी काही नसलं तरी चालेल, गोदीचं नाव आणि तारीख तेवढी असू दे.

लेथवाला, सातारा एमआयडीसी
माई, वाईट वाटलं. तेव्हा आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडं वाळू बंद आहे, स्टीलचे शॉट, म्हणजे बारीक गोळ्या वापरतो. तेही एका गिऱ्हाईकानं अट घातली म्हणून.

रिव्हेट, विश्रामबाग
माई, सिलिकोसिस कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतला आजार होता, आता २०२० च्या संहितेतही तो कळवायच्या आजारांच्या यादीत आहे. असा रोगी दिसला की डॉक्टरनं मुख्य निरीक्षकाला कळवायचं असतं. त्या तिसऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि कळवलंय का ते विचारा.

टॅकवेल्ड, कुपवाड
माई, एक करा. ठेकेदाराचं नाव विसरतं, जहाजाचं विसरत नाही. ज्या जहाजाला वाळू मारली ते कुठल्या गोदीत कधी उभं होतं याची नोंद गोदीकडं असतेच. भावाला एकेक जहाज विचारून लिहून काढा, साधारण साल घाला, बरोबर कोण होतं तेही. त्यातले दोघे-तिघे जिवंत असतील तर साक्षीला येतील. आमच्या भागातले मी शोधतो.

माई, तासगाव
तीन आठवली त्याला. एकाचं रंगावरनं सांगतोय, नाव ओठावर आहे म्हणाला. आता दम लागून झोपलाय. उठला की विचारते.