कृपा आणि आज्ञापालन: थोडी भर

ख्रिस्ती माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कशाने होतं यावर दोन मतं मांडली जातात: "विश्वास ठेवला की तारण झालं, पुढे बंधन नाही" आणि "चांगलं वागाल तरच तारण." मला दोन्ही पटत नाहीत. बायबलमधलं इफिसकरांस 2:8-9 आपण तोंडपाठ म्हणतो, तारण देवाच्या कृपेने, कर्मांनी नव्हे. पण लगेच दहावं वचन सांगतं की सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलंय. ते गाळून कसं चालेल? येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याकडे सत्कृत्यांना वेळच नव्हता, तरी तो तारला गेला. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाकडे वेळ होता, त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली.

पुण्यात राहून पंडिता रमाबाईंना विसरायचं का? त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पुढे कित्येक वर्षांनी, विधवांसाठीची त्यांची शाळा, शारदा सदन, पुण्यात असताना, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नाही. आणि तेव्हाही त्या विधवांसाठी राबत होत्याच! सेवेने ती पोकळी भरली नव्हती. ख्रिस्तावर विसंबल्यावर मात्र सेवा थांबली नाही, उलट वाढली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून त्यांनी सांभाळल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं.

जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरलेले सख्खे भाऊ चर्चमध्ये एकाच प्रभुभोजनाच्या विधीला येतात, भाकर-प्याला घेतात आणि एकमेकांकडे न बघता गाड्या काढतात. त्यांचं तारण ठरवणारा मी कोण? पण अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, ही येशूची आज्ञा आहे (मत्तय 5:24). बाप्तिस्म्याच्या तयारीत पाळकांनी हेही शिकवावं, ही कळकळीची विनंती.